मिठाची दारं

अकरा वर्षं माझ्या सासूबाई स्वतःच्या मुलाशी बोलल्या नव्हत्या.

त्या कालव्याच्या पलीकडे, माझ्या नणंदेकडे राहतात. आमच्या ओट्यावरून त्यांच्या घराच्या पायऱ्या दिसतात. माझे यजमान सनान रोज सकाळी मिठागरावर जाण्याआधी होडी वल्हवत पलीकडे जायचे आणि खालच्या पायरीवर काहीतरी ठेवायचे. कधी केळी, कधी पानात बांधलेला चिकट भात, कधी सुकी कोळंबी. मग वर न बघता परत यायचे. सासूबाई त्याला हात लावत नसत. नणंद ते उचलून बदकांना घालायची.

"दादा, तुझ्या जिवावर माझी बदकं लठ्ठ झाली बघ," लमून, म्हणजे माझी नणंद, पलीकडून ओरडायची. "आयतं खाऊन माजलीत नुसती. अंड्याचं नाव नाही."

"उद्या कोंडाही आणतो त्यांना," हे म्हणायचे, आणि वल्हं पाण्यात टाकायचे.

आमची फाय सात वर्षांची असताना गेली. समुद्राचं पाणी मिठागराच्या तळ्यात घ्यायला कालव्याच्या तोंडाशी लाकडी फळीचं दार आहे. फळी उचलली की पाणी आत येतं, खाली टाकली की थांबतं. त्या दिवशी फळी उचललेली राहिली. भरती लागली, पाणी फळीखालून जोरात आत शिरू लागलं, आणि काठावर खेकडे धरत बसलेली फाय त्याबरोबर ओढली गेली. ती तळ्याच्या बाजूला सापडली.

फळीचं काम सनानचं. दुपारी ते दोन पेले तांदळाची दारू प्यायले होते. लोकांनी विचारलं, फळी उघडी टाकलीस? ते म्हणाले, "आठवत नाही. टाकली असेल." तेवढ्यावर निकाल लागला. नात सासूबाईंचा जीव की प्राण होती. चितेला काडी लागली तेव्हा त्या मुलाकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "तुझ्या हातचं पाणीसुद्धा मला चालायचं नाही." ते त्यांचं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

फळी मी उचलली होती.

तळ्यातलं पाणी उन्हाने आटत आलं होतं, आणि त्यात माशांची बोटभर पिल्लं तडफडत होती. मी रोज पहाटे बुद्धमूर्तीपुढे बसून पंचशील घेते. पहिलंच शील जीव न घेण्याचं. डोळ्यांदेखत जीव जात असताना बघत कशी राहू? ओहोटी होती. मी फळी दोन वीत उचलली, आणि पिल्लं चांदीच्या चुऱ्यासारखी कालव्यात निसटून गेली. बघून मला फार बरं वाटलं. पौर्णिमा होती, विहारात प्रवचन सुरू होणार होतं, मी हात धुतले आणि तशीच गेले.

त्या रात्री माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं, तोवर सनाननी दोष डोक्यावर घेतला होता. तिसऱ्या दिवशी राख समुद्रात सोडली. नंतर सांगण्याजोगा दिवसच उगवला नाही. मी खोटं कधी बोलले नाही. मला कुणी विचारलंच नाही. रोज पहाटे चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणताना मी हाच हिशेब मनाशी मांडायचे, आणि तो रोज बरोबर यायचा.

यंदाच्या माघी पौर्णिमेला मी आठ शीलं घेतली होती. त्या दिवशी दुपारनंतर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. पण सनानना पौर्णिमेला मेंगदाच्या अंड्यांची कोशिंबीर लागते. कैरी किसून, लिंबू पिळून, मिरची ठेचून. मेंगदा म्हणजे उपड्या परातीसारखं, लांब शेपटीचं समुद्री जनावर. आमच्या किनाऱ्यावर ते दोन जातींचं मिळतं. एकीची शेपटी तीन कडांची, ती खायची. दुसरीची गोल, गुळगुळीत, ती विषारी असू शकते. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. माझ्या आईने मला चार वर्षांची असताना शेपटीवर बोट फिरवायला शिकवलं होतं.

पण मी जिवंत मेंगदा घेत नाही. टोपलीत वळवळणाऱ्याकडे बोट दाखवून "हा दे" म्हटलं, की तो माझ्या बोटाने मेला. म्हणून कित्येक वर्षं मी विस्तवावर आधीच भाजून ठेवलेले घेते. भाजताना शेपट्या मोडून टाकतात, आच नीट लागावी म्हणून.

"दोनच उरलेत मावशी," बाजारातली बाई म्हणाली. "घेऊन जा. आज सणाचं पुण्य म्हणून लिंबू फुकट."

संध्याकाळी मी कोशिंबीर केली. एरवी मी चव बघते. त्या दिवशी बघितली नाही.

"मीठ कमी आहे," सनान पहिल्या घासाला म्हणाले. "मिठागरवाल्याच्या घरात मीठ कमी! बाहेर सांगू नकोस, गिऱ्हाईक तुटेल."

मी हसून मिठाचं भांडं पुढे सरकवलं. सगळी थाळी त्यांनी चाटूनपुसून खाल्ली.

भांडी घासत होते तेव्हा त्यांनी हाक मारली. "चाएम, ओठांवर मुंग्या चालल्यात बघ."

"मिरची जास्त झाली का, पी?" मी त्यांना पहिल्यापासून पी, म्हणजे थोरले, म्हणते.

"तिखट नाही गं. ओठ माझे नाहीतच असं वाटतंय." मग जीभ जड झाली. मग त्यांनी हात वर केला आणि बोटांकडे नवलाने पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाची बोटं त्यांच्या हाताला लावली आहेत. पेला पडला. उठायला गेले ते गुडघ्यात मोडले. तेव्हा मला शेपटी आठवली. न पाहिलेली शेपटी.

लमूनच्या नवऱ्याने पिकअप काढली. मागच्या फळ्यांवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते. आधी पाय गेले, मग मान, मग पापण्या. इस्पितळ दिसायला लागलं तेव्हा छातीचं हलणं थांबलं होतं. लमून त्यांच्या तोंडात तोंड घालून फुंकत होती आणि मध्येच ओरडत होती, "दादा, मरशील तर बघ! तुझी होडी विकून खाईन!"

नळी घातली, श्वासाचं यंत्र लावलं. बाकीची रात्र सांगण्यासारखी नाही.

सकाळी डॉक्टर पिचा आल्या. तिशीची बाई, डोळ्यांखाली काळं, पायात रबरी चपला. लमूनने त्यांची वाटच अडवली.

"डॉक्टर, सुई देऊन मारा ना ते विष! काय लागेल ते आणतो आम्ही."

"याला उतारा नाही, ताई. असता तर मीच धावत आणला असता. यंत्र श्वास देईल, विष हळूहळू लघवीवाटे जाईल. आपण वाट बघायची."

"पण त्याला झालंय काय? रक्त नाही, जखम नाही. आहे तसा आहे आणि मेल्यासारखा पडलाय."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "मावशी, तुमचं मिठागर आहे ना? माझ्या आईच्या वडिलांचंही होतं. मग तुम्हाला लगेच कळेल." त्यांनी खिशातून कागद काढला, मागच्या बाजूला पेनाने चित्र काढलं. आधी एक गोळा. गोळ्याला चहूबाजूंनी फांद्या, खारफुटीच्या मुळांसारख्या. आणि एका बाजूने निघालेला एकच लांब धागा.

"ही एक पेशी. मज्जापेशी. या फांद्यांनी ती शेजारणींचं ऐकते. इथे गोळ्यात ठरवते, निरोप पुढे धाडायचा की नाही. आणि ठरलं की या धाग्यावरून धाडते. धागा लहान समजू नका. तुमच्या कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो, तो सगळा एकाच पेशीचा."

"एकीचाच?" लमून म्हणाली.

"एकीचाच. केसाहून बारीक आणि दीड हात, दोन हात लांब. आता निरोप कसा जातो ते बघा. धाग्याच्या आत मीठ कमी, बाहेर मीठ जास्त. तुमचं रिकामं तळं आणि भरतीचा समुद्र, तसं. धाग्याच्या भिंतीत दारं आहेत, हजारो, इतकी लहान की दिसायची नाहीत. निरोप आला की पहिलं दार उघडतं आणि बाहेरचं मीठ धाडकन आत शिरतं. त्या धक्क्याने पुढचं दार उघडतं. मग त्याच्या पुढचं. असं दारामागून दार, कमरेपासून अंगठ्यापर्यंत, पापणी लवायच्या आत. मग ही दारं मिटतात, आणि आत आलेलं मीठ पेशी पंपाने परत बाहेर टाकते. दिवसभर हेच चाललेलं. तुम्ही बोट हलवलंत की एवढं सगळं झालेलं असतं."

"आणि टोकाला?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"टोकाला बारीकशी फट असते. धागा स्नायूला चिकटलेला नसतो. टोकाशी औषधाच्या इवल्या पिशव्या असतात. निरोप पोचला की त्या फुटतात, थेंब फट ओलांडतात, आणि स्नायू आखडतो. पण इथे निरोप टोकापर्यंत पोचतच नाही. मेंगदाचं विष दाराच्या तोंडात बुचासारखं बसतं. धागा शाबूत आहे. पेशी जिवंत आहे. काका मनात म्हणत असतील, बोट हल, श्वास घे. पण दारं बंद."

"मग काळीज कसं चालतंय?" लमूनचं लक्ष पडद्यावरच्या रेघेकडे होतं.

"काळजाची दारं वेगळ्या मापाची असतात. बूच तिथे नीट बसत नाही. देवाची कृपा म्हणा."

"देवाची कृपा असती तर हा मेंगदा खातोच कशाला," लमून म्हणाली आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी बॅटरी काढली. सनानची पापणी उचलून उजेड टाकला. बाहुली मोठी, काळी, विहिरीच्या तळासारखी, आणि हलली नाही. दुसऱ्या डोळ्याचीही नाही. "हे विषानेही होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण वाटेत श्वास किती वेळ बंद होता ते आपल्याला माहीत नाही. मेंदूला मार बसला असेल तर दारं उघडली तरी उपयोग नाही. तुम्हाला खोटा धीर देत नाही, मावशी. आशा थोडी धरा."

त्या गेल्या. मी कागदाकडे बघत बसले. फळीमागून फळी उचलली जातेय आणि खारं पाणी आत येतंय, दुसरं काही मला दिसत नव्हतं.

दुपारी विहारातून भंते आले. त्यांनी परित्त, म्हणजे रक्षणाची सूत्रं, म्हटलं, सनानच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "जाणाऱ्याची क्षमा मागून घ्या. कान शेवटी जातात. मनातलं कानात सांगा, म्हणजे त्याचंही ओझं सुटेल आणि तुमचंही."

आमच्याकडे हा रिवाज आहे. एकेकाने जवळ जायचं, ज्याचं त्याने त्याच्या कानात सांगायचं. दुसऱ्याने ऐकायचं नाही.

पण लमूनला हळू बोलणं जमत नाही. "दादा, तुझा पितळी डबा हरवला नव्हता. मीच नेला. आणि ती केळी..." तिचा आवाज फाटला. "आईला केळी आवडायची रे. मी एकदा तरी न सांगता वाढली असती तर तिने खाल्ली असती. मी सांगायचेच, तुझी आहेत म्हणून. मला वाटायचं, भोगू दे. माफ कर मला."

ती तोंडावर हात दाबून बाहेर गेली. दार लागलं. यंत्राचा सुस्कारा तेवढा चालू होता.

मी त्यांच्या कानाशी वाकले. कान गार होता. म्हटलं, "पी, फायची फळी तुम्ही उघडी टाकली नव्हती. ती मी उचलली. मासे मरत होते म्हणून. आणि तशीच विहारात गेले. तुम्ही काहीही केलं नव्हतं. मी अकरा वर्षं गप्प राहिले. हे ओझं घेऊन जाऊ नका. मला क्षमा करा."

चेहरा हलला नाही. डोळे सुकू नयेत म्हणून घातलेलं मलम कोपऱ्यातून ओघळत होतं, तेवढंच.

आणि मला हलकं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते. मी त्यांना मोकळं केलं असं मला त्या वेळी वाटलं. खरं म्हणजे ते परत येणार नाहीत, या भरवशावर मला वाचा फुटली होती. जिथून निरोप परत येत नाही, अशा कानात मी माझं पाप ठेवून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या डाव्या हाताची करंगळी हलली.

नर्स धावत गेली. डॉक्टर पिचा आल्या, त्यांनी बॅटरी टाकली, आणि बाहुली आकसली. इतकी थोडी की आधी मला भास वाटला. डॉक्टरांनी चक्क टाळी वाजवली. "दारं उघडतायत! मावशी, बघा, बुचं सुटायला लागली! सनानकाका, ऐकताय ना? हे माझं बोट दाबा."

बोटं त्यांच्या बोटाभोवती मिटली. अगदी हळू, पण मिटली.

"शाबास! म्हणजे मेंदू ठणठणीत आहे." त्या माझ्याकडे वळल्या, चेहरा नुसता उजळला होता. "सांगू का, मावशी? हे विष मेंदूच्या आत जात नाही. बाहेरच्या धाग्यांवरच बसतं. आतल्या पेशी सगळा वेळ जाग्या असतात. म्हणजे ते परवापासून सगळं ऐकत होते, एक शब्द न चुकता. तुम्ही बोललात ना त्यांच्याशी?"

"बोलले," मी म्हटलं.

"छान केलंत. त्याने फार आधार मिळतो माणसाला."

लमूनने डोक्याला हात लावला. "अगं बाई! म्हणजे डब्याचं ऐकलं याने!" ती रडत रडत हसली, नर्सही हसली, आणि सनानच्या ओठाचा कोपरा नळीच्या कडेने किंचित वर गेला. मग त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. डोळ्यांना आता वळता येत होतं. ते माझ्यावरून हलले नाहीत.

दिवसभर ते थोडे थोडे परत येत राहिले. आधी बोटं, मग मनगट, मग पाय. मला वाटायचं, सावकाश होऊ दे. जिभेची दारं शेवटी उघडू देत.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. त्यांनी पाणी मागितलं. मी चमच्याने पाजलं. मग छताकडे बघत ते खरखरत्या आवाजात म्हणाले, "किती उचलली होतीस?"

"काय?"

"फळी."

"दोन वीत," मी म्हटलं.

"दोन वीत." त्यांनी वीत पसरून पाहिली. "माझ्या डोक्यात मी ती पुरती उचललेली आहे, चाएम. मला दिसायची. ओल्या लाकडाचा गिळगिळीतपणा तळहाताला लागायचा. एका बोटात लाकडाचं कुसळ गेलं होतं, तेसुद्धा आठवतं मला." त्यांनी उजवा हात वर धरला आणि बोटाचं पेर निरखलं. "कुठून आलं हे कुसळ?"

अकरा वर्षं रोज तोच निरोप त्या हातावरून गेला असेल, आणि हाताला खरा वाटू लागला असेल. मी पाय धरायला वाकले, तर त्यांनी पाय ओढून घेतले. रागाने नाही. म्हणाले, "नको. मला काही नको. रागवायला ताकद नाही, आणि त्याने फाय येत नाही. फक्त आईला सांग. तिचं वय झालंय. एकदा माझ्या हातचं पाणी पिऊ दे तिला."

"सांगते," मी म्हटलं. "घरी गेल्याबरोबर."

आठवड्याने घरी सोडलं. दुसऱ्याच सकाळी पहाटेची वंदना झाल्यावर मी निघाले. सनान होडीत माझ्यासमोर बसले. वल्हं लमूनच्या नवऱ्याने मारलं, यांच्या हातात जोर नव्हता. पायऱ्यांशी होडी लागली तेव्हा ते म्हणाले, "मी इथेच बसतो. बोलावलं तर येईन."

सासूबाई ओट्यावर चटई टाकून सुपारी कातरत होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण नजर शाबूत. मी खाली बसून तीनदा डोकं टेकवलं.

"ये गं माझे बाई. किती वाळलीस! त्याच्यापायी आणखी किती झिजणार आहेस?"

"आई, एक सांगायला आले. मध्ये थांबवू नका." आणि मी सगळं सांगितलं. तळं, मासे, दोन वीत, विहार. माझा आवाज मुळात लहान. त्या दिवशी मी तो खालच्या पायरीपर्यंत जाईल इतका मोठा केला.

सासूबाईंचा अडकित्ता थांबला. मग त्यांचे डोळे भरले. त्यांनी पुढे सरकून माझं तोंड दोन्ही हातांत घेतलं.

"तू म्हणजे देवमाणूस आहेस गं," त्या म्हणाल्या. "भातातली मुंगी फुंकून सोडणारी तू. आणि त्याच्यासाठी स्वतःच्या जिभेवर हे पाप घ्यायला निघालीस?"

"आई, हे खरं आहे."

"असू दे, असू दे. मला नको सांगूस. माझं सगळं आयुष्य माणसं बघण्यात गेलं. मासे सोडायला गेलेली बाई फळी उघडी टाकून जाईल? तू? जी विहारातल्या पणत्यासुद्धा घरी जाताना मोजून विझवते?"

"विसरले, आई. प्रवचनाला उशीर होत होता. लमूनला विचारा, मी इस्पितळात त्यांच्या कानात—"

"मी काही ऐकलं नाही हो वहिनी," लमून दारातून म्हणाली. ती गोंधळली होती. माझ्याकडे बघायची, मग आईकडे. "मी बाहेर होते. पण आई, वहिनी खोटं कशाला बोलेल? आजवर कधी बोललीय का?"

"तेच तर! पहिल्यांदा बोलतेय, म्हणून येत नाहीये तिला," सासूबाई म्हणाल्या. "ऐकलंस ना, कसं घोकून आल्यासारखं बोलली? दोन वीत म्हणे. अकरा वर्षांनी वीत आठवतेय." मग त्यांची मान पायऱ्यांकडे वळली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सनानच्या दिशेला तोंड करून आवाज चढवला, पण बोलल्या माझ्याशीच. "तो खाली बसलाय ना? त्यानेच धाडलंय तुला. मरणाच्या दारातून परत आला, आणि आल्या आल्या पहिलं काम काय केलं? आपलं पाप बायकोच्या गळ्यात बांधलं. दारू पिऊन केलंन तेव्हा निदान कबूल तरी केलं होतं. मला वाटायचं, तेवढा तरी माझा आहे. आता तेही गेलं."

मी त्यांचे पाय धरले. शपथ घेतली, फायची घेतली. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "तिचं नाव नको त्यात ओढूस. जा. आणि तुझ्यासाठी मी आज दिवा लावीन."

पायऱ्या उतरले तेव्हा सनान कालव्याकडे तोंड करून बसले होते.

मी थांबले नाही. शेजारी सांगितलं. बाजारात सांगितलं. बायका माझा हात हातात घ्यायच्या, "नवरा असावा तर असा नशीबवान" म्हणायच्या, आणि मी वळले की सनानबद्दल कुजबुजायच्या. शेवटी अष्टमीला मी विहारात गेले. भंते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, निदान इथे.

"उपासिके," ते फार मायेने म्हणाले, "तुझा हेतू मी जाणतो. तो आजारातून उठलाय, आईसाठी झुरतो आहे, तुला बघवत नाही. पण दयेपोटीसुद्धा खोटं बोलू नये. चौथं शील आज माझ्यासमोर पुन्हा घे."

मी हात जोडले. ते पुढे म्हणत गेले, मी मागे म्हणत गेले. खोटं बोलणार नाही. तीस वर्षं रोज म्हटलेलं वाक्य. कुठेही अडखळले नाही.

घरी आले तर सनान जेवायला बसले होते. स्वतःच वाढून घेतलं होतं. साधा भात आणि खारी अंडी. चमचा अजून हातात नीट राहत नव्हता, शितं सांडत होती.

"भंतेंनाही सांगितलंस," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"हो."

"काय म्हणाले?"

मी सांगितलं. त्यांनी तोंडातला घास गिळला.

"आता पुरे कर, चाएम. आज मी लमूनच्या नवऱ्याबरोबर होडीतून गेलो होतो. पायरीवर केळी ठेवली. आईने लमूनला हाक मारून सांगितलं, ती बदकांनाही घालू नकोस, पाण्यात टाक." त्यांनी चमचा खाली ठेवला. "आधी मी पोरीला मारणारा होतो, पण कबूल तरी केलेला. तू एकेकाला सांगतेस, आणि मी आणखी खाली जातो. आता कुणाला सांगू नकोस."

"मग मी काय करू, पी?"

"काही नको करूस. गप्प राहा. तुला येतं ते."

ते आवाज न चढवता म्हणाले. मग चेहरा मला दिसू नये म्हणून ताटावर वाकले आणि सांडलेली शितं एकेक करून वेचू लागले. बोटांना शित नीट धरता येत नव्हतं. मी मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी ताट स्वतःकडे ओढून घेतलं.